बोरकुटेभाऊंचा ‘खाली’ आणि आपला तलाव

भिलाईतल्या मराठी बंधुभगिनींनो, आपली मराठी घराच्या उंबऱ्याबाहेर कोणी वाचत नाही, ही आपली जुनी तक्रार. तिचा घाव एखाद्या तलावावर बसेल, असे मात्र मला स्वप्नातही वाटले नव्हते.

श्री. गुलाबराव बोरकुटे यांची ओळख सेक्टर १० मधल्या गणेशोत्सवात झाली. माझे भाषण संपल्यावर ते जवळ आले. “भाषण बेस झालं नेताजी. पन तुमच्या आवाजानं निंबावरचा पिंगळा उडून गेला. मी त्यालेच पाहाले आलो होतो.”

पुढच्याच रविवारी त्यांनी मला स्कूटरवर बसवून नंदिनी नगरकडच्या खाणीजवळच्या तलावावर नेले. पक्ष्यांची जागा ते पक्ष्यांवरून शोधत नाहीत. म्हशी कुठे उतरतात, काठ कुठे उथळ आहे, हे गुराख्यांना विचारतात आणि सूर्य पाठीशी घेऊन अर्धा तास गप्प बसतात. माझ्या पत्नीला चालवत नाही हे कळल्यावर, स्कूटर थेट पाण्यापर्यंत जाईल अशी जागा त्यांनी महिनाभर फिरून शोधली. “वहिनी, हा गुडघेवाल्यांचा पॉइंट,” म्हणाले. तिने आयुष्यातला पहिला कमळपक्षी तिथे पाहिला.

भाऊ कारखान्यात शिफ्टचे लॉगबुक लिहीत. पक्ष्यांच्या तीस वर्षांच्या वह्याही तशाच. झाडावरचे ‘वर’, पाण्यातले ‘खाली’. “अडई, टिबुकल्या, पाणकोंबड्या : सगळे खाली.” पानापानांवर हेच.

एका सरकारी कार्यालयाने तलावाची माहिती मागवली, तेव्हा त्या वह्यांच्या प्रती मी छाती फुगवून नेऊन दिल्या. गेल्या महिन्यात अहवाल हाती आला: तलाव खाली है, पक्षी नहीं हैं. उथळ काठ बुजवून दगडी घाट बांधायचा, बोटी सोडायच्या. आपला ‘खाली’ म्हणजे खालच्या बाजूला, हिंदीतला ‘खाली’ म्हणजे रिकामा. पाखरांनी भरलेला तलाव एका शब्दाने ओस पडला, आणि जन्मभर भाषेवर बोलणाऱ्या मला त्या प्रतींसोबत चार ओळी हिंदीत लिहिण्याचे सुचले नाही.

मी भाऊंकडे धावलो. अहवाल लिहिणाऱ्या बाबूला काय काय सुनावणार ते बोलू लागलो. भाऊंनी अहवाल शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाले, “त्याले कावून शिव्या देऊन राहिले? त्यानं वाचलं तसं लिहिलं. शिफ्ट सोडताना पुढच्याले समजन असं लिहा लागते. मी आपल्यापुरतंच लिहिलं.”

हा माणूस असा आहे. तीस वर्षांचे काम पुसले जाताना पाहूनही दोष स्वतःकडे घेणारा.

येत्या शनिवारी आपण भाऊंचा पंचाहत्तरीचा सत्कार करत आहोत. त्यांचे डोळे असेच तेज राहोत, गुडघे कुरकुरू नयेत, आणि शंभरीपर्यंत आपण त्यांच्या मागे स्कूटरवर बसावे. पण त्यांनी आपल्याला न्यायला तलाव हवा. घाटाच्या बेतावर हरकती अजून घेतल्या जात आहेत. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी सहा वाजता, त्या तलावावर या. दिसेल तो प्रत्येक पक्षी हिंदीत लिहा आणि खाली आपली सही करा.