पातेल्याची काळी कड

निजामीच्या दिवसांत कळमनुरीच्या आठवडी बाजारात एक कल्हईवाला बसे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कल्हईआधी भांडं घासायला तो ओल्या वाळूत पाय रोवून भांड्यातच उभा राही आणि येशूची गाणी गात गरगर फिरे.

एकदा आमच्या मोठ्या पातेल्यात तो असाच फिरत होता.

"चकाकलं की! आता उरक," मी म्हटलं.

"न्हाई बाई, कड काळी हाय. तिथं कल्हई धरत न्हाई." बोलता बोलता तो थांबलाच. "माजंबी तसंच! येशूला सारं काळीज दिलं म्हणतो, अन् भावावरचा राग तेवढा कडंला ठेवून राहिलो!"

भाऊही कल्हईवाला, समोरच्याच रांगेत बसणारा. याच्या बाप्तिस्म्यापासून दोघांचा अबोला होता. हा वाळूच्या पायांनीच तिकडे धावला.

"अरे, माझं पातेलं!" मी ओरडले.

भावानं आधी सांडशी उगारली, मग याचे जोडलेले हात बघून त्याला मिठी मारली. परत आले ते दोघं.

"याच्या एकट्यानं कवा कड निघाली का, बाई?" म्हणत भावानंही पातेल्यात पाय घातले. दोन मिशाळ बाप्ये एकमेकांचे खांदे धरून फिरू लागले. सगळा बाजार हसत होता. मीही हसले, पण बजावलं, "बूड फोडाल!"

घरी आल्यावर आधी कड बघितली. लखलखीत होती.