अबोल्याची डोली

माझ्या पहिल्या बाळंतपणाची गोष्ट मी काढली की सुना पदराआड हसतात. त्यांना वाटतं, आता म्हातारी कळांचं वर्णन करणार. कळांचं मला काही सांगायचं नसतं. मला सांगायचं असतं त्या दोन भावांबद्दल, ज्यांनी मला डोलीतून कर्जतला पोचवलं. इतकी हट्टी माणसं मी दुसरी पाहिली नाहीत, आणि इतकी गुणाचीही नाहीत.

माझं सासर कळंबच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. माहेर कर्जतला. तिथे आगगाडी येऊन बरीच वर्षं झाली होती, पण आमच्या गावाला तिचा काय उपयोग! पहिलटकरणीने माहेरी जायचं, पण शेतीच्या कामांत माझं जाणं लांबत गेलं आणि भाद्रपदातल्या एका सकाळी पोटात दुखायला लागलं. गावच्या सुईणीने पोट चाचपलं आणि हात काढून घेतला.

"मूल आडवं हाय. माज्या हातचं काम नाय. कर्जतच्या म्हाताऱ्या सुईणीकडं न्या, ती फिरवील. उशीर केलात तर दोगंबी जातील," असं ती माझ्या तोंडावरच म्हणाली. मला तिचा संताप आला आणि भीतीही वाटली.

वाटेत चिखल एवढा की बैलगाडी निघण्यात अर्थ नव्हता. डोलीच हवी. गावात कोणी आजारी पडलं की डोली वाहायची ती या दोन भावांनीच. मिसरूड फुटल्यापासून त्यांचं ते काम. पण वाटणीच्या वेळी मधल्या फणसाच्या झाडावरून दोघांचं बिनसलं, आणि तेव्हापासून बोलणं बंद. त्या झाडाला त्या वर्षी फणस म्हणून धरला नव्हता! सासूबाई एकदा या दारात गेल्या, एकदा त्या दारात, आणि दोघांना घेऊन आल्या. त्यांनी घोंगडीची झोळी बांबूला बांधली, मला आत निजवलं. धाकटा पुढे, थोरला मागे. सासूबाई आणि माझे यजमान सोबत चालत होते.

डोलीत पुढच्याला वाट दिसते, मागच्याला दिसते फक्त झोळी. म्हणून पुढच्याने वाटेतलं सगळं ओरडून सांगायचं आणि मागच्याने हुंकार द्यायचा, ही रीत. पण आमच्याकडे अबोला! गाव सुटल्याबरोबर धाकटा मला म्हणाला, "वयनी, मागल्याला सांगा, म्होरं धोंडा हाय."

मागून उत्तर आलं, "वयनी, म्होरल्याला सांगा, मला ठावं हाय."

मी पोट धरून हा निरोप पोचवला. मग निसरडं आलं, मग उतार आला, मग आडवं झाड आलं. माझा जीव जायची वेळ, आणि हे दोघे मला दूत करून बसले होते. राग असा आला होता की भीती थोडी मागे पडली, हे मात्र खरं.

थोरला दमला असेल म्हणून यजमानांनी एकदा त्याच्या जागी खांदा दिला. पहिल्याच पावलाला झोळीने असा हेलकावा खाल्ला की मी किंकाळी फोडली. यजमान चांगले ताकदीचे, पण एक टोक वर जाई तेव्हा दुसरं खाली. सासूबाई लेकाला म्हणाल्या, "तुज्यानं व्हायाचं नाय रं. तू आपला म्होरं पळ, नि त्या म्हातारीला हिच्या म्हायेरी बोलवून ठेव." थोरल्याने खांदा लावला, आणि झोळी पुन्हा शांत झाली.

मग नदी आली. धारेत पाणी कमरेच्या वर, गढूळ. नेमकी तेव्हाच मला अशी कळ आली की तोंडातून शब्द फुटेना. धाकट्याने विचारलं, "वयनी, म्होरं पानी हाय. सांगताय ना?" तो क्षणभर थांबला आणि पाण्यात उतरला.

मी डोळे मिटून घेतले. आता निरोप पोचवणारं कोणी नव्हतं. मध्यावर धाकट्याचा पाय खड्ड्यात गेला असावा, कारण तो मध्येच थबकला. त्याच श्वासाला मागचाही थबकला. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. मग बांबू दोन्ही टोकांनी एकदमच वर गेला, खांद्यावरून थेट डोक्यावर. घोंगडीची कडसुद्धा भिजली नाही. पुढून 'हुं' आलं, मागून 'हां' आलं. हुंकार म्हणजे काही बोलणं नव्हे, असं दोघांनी मनाशी ठरवलं असावं.

हुं, हां, हुं, हां. किती वेळाने कोण जाणे, माझ्या लक्षात आलं की माझा श्वासही त्याच तालावर चालला आहे. कळ यायची तेव्हाही तो ताल मोडत नव्हता. आम्ही तिघं मिळून एकच कोणीतरी चालत होतो. त्या झोळीत मला पहिल्यांदा वाटलं की मी मरणार नाही.

पुढे कर्जतपर्यंत त्यांनी मला एकही निरोप दिला नाही. लागलाच नाही.

म्हातारीने तेल लावून, पोटावरून हात फिरवत फिरवत मूल वळवलं. तिन्हीसांजेच्या आत मुलगी झाली. तिचं रडणं ऐकेपर्यंत दोघे भाऊ ओटीवर बसून होते. एक या टोकाला, एक त्या टोकाला, एकमेकांकडे पाठ करून. आईने त्यांची पानंही दोन टोकांना वाढली.

सकाळी ते निघाले, तेव्हा माझ्या खाटेवरून अंगण दिसत होतं. झोळी सोडून घडी केलेली होती. राहिला होता नुसता बांबू.

आई म्हणाली, "एकानं नेला तरी चालंल की रं. दोगं कशाला?"

धाकट्याने एक टोक खांद्यावर घेतलं आणि मागे न बघता उभा राहिला. थोरल्याने तोंडातलं पान थुंकलं, मुंडासं सारखं केलं, उगाच वेळ काढला. धाकटा हलला नाही. शेवटी थोरला गेला आणि त्याने दुसरं टोक उचललं.

अंगणातच त्यांची पावलं जुळली. आदल्या दिवशी एवढ्या कळा सोसून मी रडले नव्हते. तेव्हा मात्र लेकीला छातीशी धरून पोटभर रडले.