उशिरा येणारी गाडी आणि आमच्या विहिरीचं पाणी

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात आमच्या बौद्ध वस्तीत एकच विहीर होती. गावाच्या विहिरीवर आम्हाला तोंडाने कोणी मनाई करत नसे, पण आमची बादली सुटली की बाकीच्या बायका हंडे उचलून चालू लागत. म्हणजे आमची विहीर गेली की पाणी गेलं. नाल्यापलीकडच्या मोठ्या शेतकऱ्याने नवी विहीर खोदून विजेची मोटार बसवली, आणि आमचं पाणी रोज सकाळीच तळाला जाऊ लागलं. तो म्हणे, तुमचा झराच मेला.

आम्ही तक्रार केली. तहसीलमधून पाणी मोजणारे साहेब आले. त्यांनी दोन वह्या दिल्या. एक शेतकऱ्याच्या गड्याला. त्याच्या हाताला घड्याळ होतं. मोटार किती वाजता सुरू, किती वाजता बंद, एवढं त्याने लिहायचं. दुसरी मला, कारण वस्तीतल्या बायकांत चौथी पास मी एकटी. सोबत खुणा केलेली दोरी आणि गजराचं घड्याळ. दर पाव तासाने पाणी किती खाली गेलं ते लिहायचं. मोटार सुरू झाल्यावर पाणी उतरत असेल तर मोटारीला वेळ बांधून देऊ, असं साहेब म्हणाले.

आठ दिवसांनी ते चावडीत बसले. दोन्ही वह्या शेजारी ठेवून एकेक वेळ तिसऱ्या कागदावर क्रमाने उतरवू लागले. तिसऱ्या दिवसापाशी त्यांचा हात थांबला.

"बाई, मोटार नऊला सुरू झाली. तुमच्या वहीत पाणी पावणेनऊलाच दोन बोटं उतरलंय. मोटारीच्या आधी?"

शेतकरी मांडी थोपटून हसला. "पाहा साहेब! मोटार सुरू होयाच्या आंधीच पाणी पेऊन राह्यली. चौथीचा धडा हाय हा!"

काही दिवस जुळत होते, काही नव्हते. साहेबांनी वही मला परत दिली. "परवा अहवाल नेतो. तोवर काय ते पाहा."

विहिरीवरच्या बायका माझ्याकडे पाहत होत्या आणि बोलत नव्हत्या. घरी नवरा म्हणाला, "वही तुह्याजवळच हाय. पावणेनऊचं सव्वानऊ करून टाक."

"साहेबानं उतरून घेतलं ना."

"मंग कायले लिवाले गेली होती तू?"

साहेबांनी उतरवून घेतलं नसतं तर मी खाडाखोड केली असती. इथे खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने घड्याळ घेऊन विहिरीवर बसले. स्प्रिंग तुटेल या भीतीने मी त्याला चारच वेढे चावी देत असे, म्हणून ते रोज रात्री बंद पडे. सकाळची पॅसेंजर शिट्टी मारून गेली की मी काटे सात वाजून दहा मिनिटांवर नेत असे. गाडीची वेळ तीच, सगळी वस्ती तिच्यावरच उठायची. त्या दिवशी ऊन थेट पायरीवर आलं तरी गाडी नाही. मी बंद घड्याळाकडे पाहिलं आणि तेव्हा कुठे ध्यानात आलं. गाडी उशिरा येत होती आणि मी तिच्यासाठी घड्याळ मागे ओढत होते. तेही रोज वेगळं.

तशीच तासभर चालत स्टेशनावर गेले. मास्तर म्हणाले, "रजिस्टर कोणाले दाखवता येत नाही, बाई."

"मले पाहाचंच नाही. तुमी वाचा, लिवाचं काम माह्यं."

ते थोडे चिडले, मग वाचू लागले. तिसऱ्या दिवशी गाडी चाळीस मिनिटं उशिरा. पाचव्या दिवशी पंचवीस. ज्या दिवशी वह्या जुळल्या होत्या त्या दिवशी गाडी वेळेवर. घरी येऊन जुन्या वेळांना हात न लावता मी शेजारी दुसरी ओळ काढली आणि ज्या त्या दिवसाचा उशीर मिळवला. पावणेनऊचे नऊ पंचवीस झाले. पाणी मोटारीच्या मागे गेलं. फक्त सातवा दिवस बसेना. गाडी दहाच मिनिटं उशिरा, आणि पाणी मोटारीच्या आधी अर्धा तास. त्या दिवशी घड्याळ सासूबाईंनी लावलं होतं. विचारलं तर म्हणाल्या, "शिट्टी वाजली, मी फिरवलं." मालगाडी होती का कोण जाणे. त्या दिवसासमोर मी लिहिलं, 'भरवसा नाही.' तेवढ्यावरून सगळी वही फेकतील, असं वाटत होतं.

ठरल्या दिवशी चावडीत मी वही साहेबांपुढे ठेवली आणि गाडीचं सांगितलं. शेतकरी म्हणाला, "आता सरकार शिट्टीवर चालते का?"

साहेबांनी मान वर केली नाही. "सातवा दिवस सोडला. बाकीचे सात?" त्याच्या गड्याची वही त्यांनी त्याच्याकडेच सरकवली. "तुमच्याच माणसाने लिहिलेल्या वेळा आहेत."

अहवाल गेला आणि तहसीलचा कागद आला: मोटार दुपारी बारानंतर.

त्या उन्हाळ्यात आमची विहीर आटली नाही, असं मी म्हणणार नाही. पाऊस यायच्या आधी आठ दिवस ती आटलीच. पण तोवर रोज सकाळी प्रत्येक घराला दोन हंडे मिळाले, आणि पहिला हंडा कोणाचा यावरून बायका माझ्याशीही पुन्हा भांडू लागल्या.