बाबांचा नवा गाल

सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या छातीचं मांस घेऊन ते त्याच्याच गालात बसवणार, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं. १९९०च्या आसपासची गोष्ट. बाबांचा जन्म ठाण्याच्या खाडीत जाळं टाकण्यात आणि गालात तंबाखू धरण्यात गेला. त्याच गालात कॅन्सर निघाला.

ऑपरेशन पार पडलं. छातीचा कातडीसकट तुकडा पुरता तोडत नाहीत; त्याची रक्तवाहिनी तशीच ठेवून मानेच्या कातडीखालून गालापर्यंत नेतात. "मानेवर कसलाही दाब नको," डॉक्टरांनी बजावलं. मी हो हो म्हटलं. मी वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात मशीनवर काम करणारा, देवाधर्माला नाक मुरडणारा. पण भीती माणसाकडून काय काय करवते! दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुपचूप कोळीवाड्यातल्या देवळातून देवीचा दोरा आणला. बाबांच्या दोन्ही हातांना सुया टोचलेल्या, म्हणून गळ्यात बांधला. सुटू नये म्हणून चांगल्या दोन गाठी मारल्या. दोऱ्याचा कसला आलाय दाब, असं मला वाटलं.

दुपारी आई आली. चाळीस वर्षं मासळी विकलेली बाई. बाजारात मासा ताजा आहे का ते कल्ला उचलून बघायची, तसंच तिनं बॅटरी मारून बाबांच्या गालात पाहिलं.

"ह्याचा रंग गेला रं. काल लाल व्हता. डाक्टरला बोलव."

नर्स म्हणाली, मघाशी तर ठीक होतं. आई हटली नाही. डॉक्टर आले आणि त्यांनी गळ्याजवळची चादर बाजूला केली. मान सुजली होती, दोरा मांसात रुतला होता. त्यांनी कात्रीनं तो कापला तेव्हा मी खाटेचा दांडा घट्ट धरून उभा होतो. आपण बापाला मारलं, एवढंच डोक्यात होतं.

"हे कोणी बांधलं?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबांच्या गळ्यात नळी, त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी सुई टोचलेला हात कसाबसा उचलला आणि स्वतःकडे बोट दाखवलं.

"आजोबा, कळत नाही का तुम्हाला? हे मांस मेलं तर दुसरं कुठून आणू?" डॉक्टर ओरडले. बाबांनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं.

तासाभरानं आईनं पुन्हा बॅटरी मारली आणि "आला," एवढंच म्हणाली. गाल वाचला. बाबा त्यानंतर पाच वर्षं जगले. गालाच्या आत छातीचे केस उगवायचे, तर न्हाव्याला म्हणायचे, "आतली पन कर रं."

बाबा जातील म्हणून हा किती घाबरला होता, असं आई नातेवाइकांना सांगायची. घाबरलोच होतो. पण डॉक्टरांनी विचारलं त्या क्षणी मला भीती वाटली ती बाबांसाठी नव्हे, स्वतःसाठी. आणि बाबांनी ती माझ्या तोंडावर वाचली होती.