आबांच्या जागी आबा

माझ्या साडूंइतका सावध माणूस तापी-गिरणेच्या पाण्यावर दुसरा वाढलेला नाही. धुळ्याच्या एका कॉलेजात ते संगणकांचं जाळं सांभाळतात, आणि कुठलीही गोष्ट एकटी ठेवली तर ती दगा देणार, असं त्यांचं ठाम मत आहे. चष्मे दोन, किल्ल्या दोन, छत्र्या दोन. आमची दोघांची सासुरवाडी असोद्याची. एकदा तिथून वांग्याचं भरीत धुळ्याला न्यायचं होतं, तर त्यांनी दोन डबे भरून घेतले. एक घेऊन स्वतः एसटीत पुढे बसले आणि दुसरा माझ्या मांडीवर देऊन मला पार मागच्या बाकावर धाडलं. "भाऊ, एका जागी ठेवले आणि दोन्ही सांडले, तर?" धुळं येईपर्यंत मी गचके खात डबा सांभाळत होतो, आणि ते अधूनमधून मागे वळून माझी नव्हे, भरिताची खुशाली घेत होते.

कॉलेजातल्या मुख्य संगणकाचं नाव त्यांनी 'आबा' ठेवलं होतं; कॉलेजनं दुसऱ्यासाठी पैसे न दिल्यानं हा मात्र एकच होता. सकाळी कुणीही आपल्या टेबलावर पासवर्ड टाकला की याला आत घ्यायचं की नाही, हे आबा ठरवणार; त्यांच्या धंद्यात याला डोमेन कंट्रोलर म्हणतात. "थोरल्यांना विचारल्याशिवाय घरात यायचं नाही, एवढाच अर्थ," ते मला समजावत. रोज त्या खोलीत शिरताना खानदेशी बोलीत विचारत, "आबा, तब्येत कशी शे?" आत पंखे घरघरत, आणि त्या घरघरीवरून त्यांना तब्येत कळे.

यंदा प्रवेशाच्या तोंडावर ती घरघर बिघडली. नवं यंत्र आलं. पण साऱ्या कॉलेजच्या संगणकांना ठाऊक होतं ते आबांचं नाव आणि आबांचा आकड्यांतला पत्ता. म्हणजे सगळी माहिती नव्याकडे सोपवायची, जुन्याला कामातून मोकळं करून त्याचं नाव-पत्ता बदलायचा, आणि मगच ते नाव, तो पत्ता नव्याला द्यायचा. चुकलं तर सोमवारी प्रवेशाला आलेली पोरं दारात उभी. रविवारी सकाळी सोबतीला म्हणून त्यांनी मला जळगावहून बोलावून घेतलं. जुन्याला काय नाव द्यावं, यावरच दोन चहा झाले. शेवटी त्यांनी 'थोरलेआबा' असं टाइप केलं आणि नाक पुसलं.

नेमके तेव्हाच प्राचार्य काहीतरी छापायला आले. त्यांचा संगणक त्यांना आत घेईना.

"काय झालं हो?"

"साहेब, या घटकेला आबा कुणीच नाही."

प्राचार्य खुर्ची ओढून बसले. साडूंनी नव्याला नाव दिलं, पत्ता दिला, यंत्र बंद करून चालू केलं. प्राचार्य तरीही बाहेरच. पडद्यावरचा पत्ता साडू मोठ्यानं वाचू लागले आणि मध्येच थांबले. शेवटचा आकडा चुकला होता. सगळं दोनदा तपासणाऱ्या माणसाचा! "डोळ्यांत पाणी होतं हो," ते माझ्या कानात पुटपुटले. आकडा सुधारला, आणि थोड्या वेळानं प्राचार्य आत गेले.

सोमवारी प्रवेश सुरळीत झाले. आबा बदलले, हे कुणाच्या गावीही नव्हतं. "असंच व्हायला पाहिजे," साडू फोनवर म्हणाले. आवाज मात्र हिरमुसलेला होता.

काही आठवडे थोरलेआबा कोपऱ्यात नुसते चालू होते, लागलेच तर असावेत म्हणून. त्यांना बंद करायच्या दिवशी मी धुळ्यातच होतो. "तुम्हीच करा," साडू म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी बटण दाबलं. घरघर मंदावत मंदावत थांबली. बाहेरून एक भाजीवाली ओरडत चालली होती. साडू बराच वेळ ऐकत राहिले.

"इतकी वर्षं या खोलीत बसलो," ते म्हणाले, "पण रस्ता एवढा जवळ शे, हे आज कळलं."