दोनशे फूट कमी

होबर्ट स्टिल्टनरने वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या खाणीत एकतीस वर्षं सुरुंग लावले. खाण म्हणजे भुयार नव्हे. कोळसा डोंगराच्या पोटात, तेव्हा वरून डोंगरच उडवायचा आणि राडारोडा खालच्या ओढ्यात लोटायचा, अशी तिथली रीत. घरामागचा स्परलॉक डोंगर होबर्टच्या देखरेखीखाली दोनशे फुटांनी बुटका झाला. ओढा बुजला, विहिरीचं पाणी नारिंगी झालं. बायको, व्हर्ना, धुतलेली चादर त्याच्यापुढे धरायची. "बघ, पांढरी होती ही."

"लोखंड असतं पाण्यात," तो म्हणायचा. "अंगाला चांगलं."

पुढे वीजकेंद्राला गॅस स्वस्त पडू लागला आणि खाण बंद झाली. होबर्ट घरी बसला, खोकत. तेवढ्यात त्याच डोंगरावर पवनचक्क्या येणार असं कळलं आणि त्याच्या अंगात वारं संचारलं. चर्चच्या तळघरात सभा भरली. मंडळी शिजवलेला घेवडा आणि मक्याचा पाव खात होती.

"पक्षी मरतील!" होबर्ट गरजला. "आवाजानं झोप उडेल. आणि डोंगराचं रूप पार बिघडेल!"

शेजारीण लोरेटाने चमचा खाली ठेवला. "रोज चारच्या सुरुंगाला माझ्या कपबशा नाचायच्या, होबर्ट. तेव्हा कुठे होते रे तुझे पक्षी?"

हशा पिकला. होबर्ट मात्र हटला नाही. त्याने पाट्या रंगवल्या, दारोदार फिरून सह्या गोळा केल्या.

वर्षभर वारा मोजून झाल्यावर पवनचक्कीवाल्यांची इंजिनिअर, इंग्रिड, त्याच्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"पवनचक्क्या रद्द झाल्या," ती म्हणाली.

"सह्यांमुळे ना?" होबर्टने छाती फुगवली.

"सह्या? नाही हो. वारा कमी पडतो. आम्ही जुन्या नकाशातली उंची धरून चाललो होतो. ते दोनशे फूट असते, तर भरपूर मिळाला असता."

भांडी घासणाऱ्या व्हर्नाचे हात थांबले. मग तिने नळ सोडला आणि नारिंगी पाण्याखाली बशी धरली.

दुपारी तो एकटाच गाडी घेऊन वर गेला. लहानपणी इथे टोपी हाताने धरून ठेवावी लागायची. आता खुरटं गवतसुद्धा हलत नव्हतं. विजयाची बातमी त्याने कुणाला सांगितली नाही.

दोन वर्षांनी सौरऊर्जावाले आले. अशी सपाट जागा त्यांना आसपास कुठेच मिळाली नव्हती. या वेळच्या सभेत होबर्ट गप्प बसला आणि दुसऱ्या दिवशी काम मागायला गेला.

"या जागेची काही माहिती?" मुकादमाने विचारलं.

"थोडीफार," होबर्ट म्हणाला.

कुठे भर आहे आणि कुठे खडक, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने बोट दाखवावं आणि यंत्राने खांब रोवावा, असं काम चाललं. सगळी पॅनेलं बसली तेव्हा लोरेटाने त्याला रस्त्यात गाठलं.

"काय रे, आता नाही का बिघडत डोंगराचं रूप?"

"खालून दिसत नाही," होबर्ट म्हणाला.