दोन्ही पायांचं माप

कशावरही विश्वास न ठेवता माणूस साठी ओलांडू शकतो आणि वर त्याची तब्येतही ठणठणीत राहू शकते, हे कुणाला खोटं वाटत असेल तर त्याने मस्कतला यावं आणि हमरियातल्या आमच्या शिंपीचाचांना भेटावं. चाचा मूळचे दाभोळच्या खाडीकाठचे. गेली तीसेक वर्षं ते इथे दिशदाशा, म्हणजे ओमानी पुरुषांचे घोट्यापर्यंतचे सैल झगे, आणि पँटी शिवताहेत, आणि इतक्या वर्षांत त्यांचा एकाही गोष्टीवर पूर्ण भरवसा बसलेला नाही. चहाच्या दुधाच्या खोक्यावरची तारीख ते आधी वाचतात, मग दूध हुंगतात आणि मग समोर बसलेल्या गिऱ्हाइकालाही हुंगायला लावतात. मोबाइल म्हणाला की आज बेचाळीस डिग्री आहे, तर दुकानाबाहेर हात काढून खात्री करून येतात. मी पहिल्यांदा गेले ती नवऱ्याची पँट शिवायला. मापाला म्हणून त्याची जुनी पँट नेली होती. चाचांनी ती दोन बोटांत धरून उजेडात पाहिली आणि मला परत दिली. "पँट खोटं बोलते, बाय," ते म्हणाले. "नवऱ्याला घेऊन ये."

नवऱ्याला नेलं. इतर शिंपी एका पायाचं माप घेतात आणि दुसरा पाय तसाच असणार असं धरून चालतात. चाचा असं काही धरून चालत नाहीत. "अल्लाने दोन दिलेत ना? मग दोन मोजायचे," असं म्हणत त्यांनी दोन्ही पायांची लांबी, दोन्ही मांड्या, दोन्ही पोटऱ्या मोजल्या आणि डावा पाय उजव्याहून पाव इंच आखूड असल्याचं जाहीर केलं. पंचेचाळीस वर्षं सरळ चालणारा माझा नवरा त्यानंतर तीन दिवस घरात लंगडत होता. शिवाय चाचा सकाळी माप घेतच नाहीत, कारण झोपेतून उठलेला माणूस जरा फुगलेला असतो आणि खरा माणूस संध्याकाळीच हाती लागतो, असं त्यांचं मत आहे. टेपही त्यांच्याकडे दोन. रोजच्या वापरातली पिवळी गळ्यात, आणि एक निळी खणात, पिवळीवर लक्ष ठेवायला. हे सगळं ज्या वहीत उतरतं त्या वहीला मात्र दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मी एकदा नुसतं पान उलटायला गेले, तर त्यांनी माझ्या बोटांपासून इंचभरावर कात्री ठेवली.

अशा माणसाच्या गळ्यात बास्केटबॉल मारलं ते मीच. मी बौशरमधल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. आमच्या टीमच्या पोरांच्या उंचीला तयार ट्रॅकपँट कुठे मिळेनात, म्हणून मी कोचना चाचांचं नाव सुचवलं. पहिल्या वर्षी बारा ताडमाड पोरं हमरियातल्या त्या दहा बाय आठच्या दुकानात शिरली आणि पाच फूट दोन इंचांचे चाचा स्टुलावर चढून त्यांची मापं घेऊ लागले. बारावं पोरगं बाहेर पडेपर्यंत त्यांना टीमचा नाद लागला होता. मात्र त्यांचा नाद चारचौघांसारखा नव्हता. ते टीमची बाजू घेत नाहीत, टीमवर पाळत ठेवतात.

पहिल्या मॅचला मी त्यांना घेऊन गेले तर ते मॅच सुरू व्हायच्या आधी रिंगकडे बघत उभे राहिले. "किती उंच हाय ती?" दहा फूट, मी सांगितलं. "मोजली कुणी?" आता हे कुणी मोजलं होतं ते मला काय ठाऊक? पुढच्या शनिवारी ते निळी टेप घेऊन हजर. आमचे कोच फिलिपिनो, अतिशय सज्जन माणूस. त्यांनी स्वतः शिडी धरली. चाचा वर चढले, टेप सोडली, पुन्हा सोडली. बरोबर दहा फूट भरली. कोचनी टाळ्या वाजवल्या. चाचा मात्र खाली उतरले आणि बुटाने फरशी दाबून बघत म्हणाले, "रिंग बरोबर हाय. पण जमीन सपाट हाय कशावरून?"

मोसम सुरू व्हायच्या वेळेला आमची बैठक असे. मापं पूर्ण झाली की गुरुवारी कॉलेज सुटल्यावर मी दुकानात जाऊन बसायचं, आणि यंदा टीमचं काय होणार ते चाचांनी सांगायचं. ते दरवर्षी एकच सांगत: काही खरं नाही. उंच पोराचे खांदे उतरलेत, रुंद पोराला वळता येणार नाही, आणि नव्या पोराची कंबर उन्हाळ्यात दोन इंच वाढलीय म्हणजे त्याची आई सुटीला आली असणार. मी आकडे घेऊन जायची. गेल्या मोसमातली सरासरी दाखवायची. "सरासरी काय दाखवतेस मला?" ते चिडायचे. "एकाचा हात लांब, एकाचा आखूड. सरासरीची बाही शिवली तर दोघांना पण बसणार नाय." वीस वर्षं हा विषय शिकवणारी मी आकड्यांचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवायची. आपण पहिलीच मॅच जिंकलो तरी त्यांना आनंद होत नसे. "सोहारवरून बसने आली ती पोरं. अडीच तास पाय मुडपून बसलेली. त्यांना हरवलंत त्यात काय मोठं?" आपण सोहारला जाऊन जिंकलो, तर यजमानांनी पाहुण्यांचा मान राखला असणार. हरलो की मात्र शांतपणे खिशातून खडीसाखर काढून मला द्यायचे आणि स्वतःही एक खडा तोंडात टाकायचे. एवढ्या एका बाबतीत जगाने त्यांना दगा दिला नाही, याचं समाधान असावं.

यंदा मात्र आमची टीम खरंच चांगली होती. कारण एकच, सालिम. मत्र्याकडचा बलुची घरातला पोरगा, हिंदी आमच्यापेक्षा फर्डी, आणि हात असा की अर्ध्या मैदानावरून चेंडू टाकावा आणि रिंगला न लागता जाळीतून खाली यावा. तो कॅप्टन होता आणि त्याचं हे शेवटचं वर्ष होतं. चौथ्या वर्षानंतर आमच्याकडे खेळता येत नाही. त्यामुळे जे काही करून दाखवायचं ते याच मोसमात, असं सारं कॉलेज म्हणत होतं आणि सालिम त्याहून मोठ्याने म्हणत होता. चाचांचा तो लाडका. लाडका म्हणजे इतरांवर ते जेवढा संशय घेत, त्याच्या दुप्पट त्याच्यावर घेत.

मापं झाली. गुरुवारी मी उत्साहाने दुकानात गेले. टीमच्या नावाने दोन-चार जोरदार शिव्याशाप ऐकायची तयारी ठेवली होती. चाचांनी मशीनवरची मान वर केली नाही. "टीम बरी हाय," ते म्हणाले. "इन्शाल्ला जिंकेल."

मला वाटलं मी दुसऱ्याच कुणाच्या दुकानात शिरलेय. "आणि सालिम?" मी विचारलं.

"चांगला हाय. सगळं चांगलं हाय. चाय घे."

आणि त्यांनी दूध न हुंगता चहात ओतलं. तो चहा मी घेतला नाही. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की चाचांनी टीमला चांगलं म्हटलं. तोही जेवता जेवता थांबला. "ताप आहे का त्यांना?" रात्रभर मला ते काही बरं वाटेना. बारा वर्षं ज्या माणसाने आमच्या एकाही पोराला धड म्हटलं नव्हतं त्याच्या तोंडून "सगळं चांगलं" येतं, म्हणजे काहीतरी नक्कीच वाईट आहे. संशय घ्यायला मी त्यांच्याकडूनच शिकले, आणि आता तो त्यांच्यावरच घेण्याची पाळी आली होती.

शनिवारी पुन्हा गेले. सरळच विचारलं, "चाचा, काय लपवताय?"

"मी काय लपवणार? शिंपी माणूस मी." त्यांनी पिवळी टेप गळ्यातून काढली, गुंडाळली, पुन्हा सोडली. मग खणातून वही काढून माझ्यासमोर ठेवली. "वाईच बघ ही. माझं अक्षर मलाच लागत नाय हल्ली. तू आकड्यांची मास्तरीण, वाच जरा."

त्या वहीला हात लावताना मी कात्री कुठे आहे ते आधी पाहून घेतलं. बारा पोरांची बारा पानं. प्रत्येक पानावर डावी मांडी, उजवी मांडी. कुणाची सारखी, कुणाची पाव इंचाने इकडे तिकडे. सालिमचं पान आलं. डावी बावीस, उजवी साडेवीस. "चाचा, इथे चूक झालीय तुमची," मी म्हटलं.

"माझी?" ते म्हणाले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. निळ्या शाईने तोच आकडा खाली पुन्हा लिहिलेला होता, म्हणजे निळी टेपही काढून झाली होती. "जो पाय माणूस जपतो, वापरत नाय, तो सुकतो," चाचा मशीनकडे बघत सांगू लागले. "उन्हाळ्यात वादीत, डोंगरातल्या ओढ्यात, पोहायला गेला होता, तिथे दगडावरून पडला. गुडघा गेला. पट्टी बांधून खेळतो, कुणाला कळू देत नाय. माझ्या टेपला कळलं, तर शब्द घेतलान माझ्याकडून. आखरी साल हाय, चाचा, कोणाला बोलू नको. मी बोललो, तोंडाने नाय सांगणार." मग माझ्याकडे पाहून घाईघाईने म्हणाले, "तोंडाने मी काय सांगितलं नव्हतं हां. तू वाचलंस, मग बोललो."

मी तिथूनच कोचना फोन केला. दुसऱ्या दिवशी सालिमला हॉस्पिटलात नेलं. गुडघ्यातला लिगामेंट अर्धा फाटलेला निघाला. अजून एखादी उडी वेडीवाकडी पडली असती तर पाय कायमचा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन, मग महिनोन् महिने व्यायाम. मोसम खलास. आणि शेवटचं वर्ष, म्हणून कॉलेजची जर्सी त्याच्या अंगावर पुन्हा कधी चढणार नव्हती.

ऑपरेशनच्या आधी तो कुबडी घेऊन दुकानात आला. मी होते तिथे. "चाचा, आपने ज़ुबान दी थी," तो म्हणाला.

"ज़ुबान से मैंने पहले कुछ नहीं बोला, बेटा," चाचा म्हणाले. एरवी या उत्तरावर सालिम हसून लोळला असता. त्या दिवशी तो हसला नाही. आपली नवी ट्रॅकपँट टेबलावर ठेवून निघून गेला.

टीमचं व्हायचं तेच झालं. थोड्या जिंकलो, पुष्कळ हरलो. चाचा प्रत्येक मॅचला आले, कडेच्या खुर्चीत बसले, पण त्यांनी एकदाही खडीसाखर काढली नाही. एकदा परतताना टॅक्सीत त्यांनी मला विचारलं, "बाय, मी बरोबर केलं ना?" मी हो म्हटलं. रुवीचा चौक येईपर्यंत त्यांनी तेच आणखी दोनदा विचारलं. साऱ्या जगावर संशय घेणारा माणूस मला नेहमी मजेशीर वाटत आला होता; तो स्वतःवर संशय घेऊ लागला, तेव्हा मला अगदी भरून आलं. ती ट्रॅकपँट त्यांनी इस्त्री करून शेल्फावर ठेवली होती. कुणी मागितली तर म्हणायचे, गिऱ्हाईक येणार हाय.

ईदला आठवडा राहिला होता. हमरियातल्या साऱ्या शिंप्यांनी ऑर्डर बंदच्या पाट्या लावल्या होत्या, चाचांनीही लावली होती. मी सकाळी नवऱ्याच्या पँटी आणायला गेले तर दारात सालिम उभा. कुबडी नव्हती. नोकरी लागलीय म्हणाला, ईदला नवा दिशदाशा हवाय. चाचांनी पाटीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि स्टूल ओढलं. खांदे, छाती, बाही, खांद्यापासून घोट्यापर्यंतची उंची. सकाळी माप घेत नसतात, ही आठवण करून द्यायची माझी छाती झाली नाही.

उंची लिहून झाली तरी चाचांनी टेप गुंडाळली नाही. ते स्टुलावरून उतरले, हळूच खाली बसले आणि टेप त्याच्या डाव्या मांडीभोवती घेतली. मग उजव्या. सालिम हलला नाही. चाचांनी आकडा पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि मला म्हणाले, "बाय, खणातली निळी दे." निळीनेही तेच सांगितलं. दोन्हीकडे बावीस.

"सूजन तो नहीं है ना?" चाचांनी खालूनच विचारलं.

"नहीं, चाचा. रोज दौड़ता हूँ अब."

"सुबह के माप का भरोसा नहीं." ते त्याच्याच गुडघ्याचा आधार घेऊन उठले आणि तोंड फिरवून वहीत काहीतरी लिहीत राहिले. "शाम को आ. फिर से लेता हूँ."

सालिमने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बऱ्याच महिन्यांनी हसला. "आता हूँ, चाचा," तो म्हणाला, आणि शेल्फावरची ट्रॅकपँट काखेत मारून गेला. संध्याकाळी तो खरंच परत आला. दिशदाशाला मांडीचं माप लागत नाही, हे आम्हां तिघांनाही ठाऊक होतं.